नाशिकची गच्ची: दसऱ्यापासून थंडी संपेपर्यंत बसायला कशी तयार करायची

पावसाळा ओसरला की नाशिकला नवीन राहायला आलेली मंडळी हमखास विचारतात, की घराला छान गच्ची आहे किंवा रो-हाऊसच्या पुढे थोडं अंगण आहे, पण तिथे पाण्याची टाकी आणि कपड्यांची दोरी सोडली तर काहीच नाही, मग संध्याकाळी चार माणसं निवांत बसतील असं काय करता येईल. करता येतं हो, आणि फार खर्च न करता येतं. फक्त एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, सगळं सामान एकाच दिवशी विकत आणू नका. कारण आपल्याकडे पावसाळ्यानंतरचे हे दिवस म्हणजे एक ऋतू नाहीच, त्याचे सरळ तीन तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकड्यात गच्चीला वेगळं काहीतरी लागतं.

पहिला तुकडा नवरात्र ते कोजागिरी. भिंतीत ओल असते, डास असतात, परतीचा पाऊस कधीही गाठतो आणि दुपारी ऑक्टोबर हीट. दुसरा दिवाळीच्या आसपासचा, दुपार अजून तापलेलीच पण सात वाजले की हवा बदलते. तिसरा मार्गशीर्ष-पौष, म्हणजे खरी थंडी. मुंबई-ठाण्याहून आलेल्यांना हा तिसरा तुकडा आधी खराच वाटत नाही. पण नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच, समुद्राची दमट हवा थंडीत इथे फारशी पोचत नाही, म्हणून आकाश निरभ्र असलं की सूर्य मावळल्यावर जमीन भराभर गार होते. डिसेंबर-जानेवारीत शहरात पारा १० अंशांच्या खाली बऱ्याचदा जातो आणि शेजारच्या निफाडला तर काही वर्षी ५ च्याही खाली गेलेला आहे. तेव्हा ऑक्टोबरमध्ये हौसेने घेतलेली लोखंडी खुर्ची डिसेंबरमध्ये बसायला नको होते, असं होतं.

आधी नुसतं बसून बघा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि याला एक रुपया लागत नाही. घरातली एक प्लास्टिकची खुर्ची घ्या, गच्चीवर ठेवा आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी पाच आणि रात्री आठ अशा वेळी तिथे थोडा वेळ बसा. कुठे ऊन येतं, कुठल्या कोपऱ्यात वारा लागतो, समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या कुठून दिसतात, रस्त्यावरचा दिवा डोळ्यात जातो का, सगळं कळतं. वहीत लिहून ठेवा किंवा मोबाईलवर फोटो काढा.

दोन गोष्टी मात्र आत्ता बसून कळणार नाहीत, त्या सांगते. २३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस-रात्र सारखे होतात आणि मग सूर्य रोज थोडाथोडा दक्षिणेकडे सरकतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नाशिकला भर दुपारीसुद्धा सूर्य डोक्यावर येत नाही, दक्षिणेला साधारण ४६-४७ अंशांवर राहतो. म्हणजे तुमच्या दक्षिणेच्या बाजूला चार फुटांचा कठडा असेल तर त्याची सावली दुपारी जवळपास चार फूट आत येते, आणि दक्षिणेला तीन मजली बिल्डिंग असेल तर बिचाऱ्या गच्चीला थंडीभर ऊन मिळणं अवघड. उत्तरेकडच्या बाल्कनीत तर थंडीत ऊन येतच नाही. तिथे दुपारची बैठक ठेवू नका, ती जागा ऑक्टोबरच्या उकाड्यासाठी मस्त.

दुसरं वाऱ्याचं. पावसाळ्यात आपल्याला सवय लागलेली असते पश्चिमेकडून झड येण्याची, त्यामुळे लोक ताडपत्र्या, पडदे सगळं पश्चिमेला लावतात. थंडीतला झोंबरा वारा बहुतेक उत्तरेकडून आणि पूर्वेकडून येतो. म्हणजे आडोसा हलवायला लागतो. बैठक अशी ठेवा की पाठ उत्तर-पूर्वेला येईल आणि त्या पाठीमागे भिंत, टाकीची खोली, जिन्याचं डोकं असं काहीतरी भक्कम असेल. नुसतं एवढं केलं तरी डिसेंबरमध्ये अर्धा तास जास्त बसता येतं.

साफसफाई, आणि ती नीट

चार महिने पाऊस खाल्लेल्या गच्चीवर शेवाळ असतंच. काळपट-हिरवा थर कोरडा दिसला तरी दव पडलं की घसरतो, त्यामुळे आजी-आजोबा वर येणार असतील तर आधी हेच काम. कडक ब्रश, पाणी आणि थोडी ब्लीचिंग पावडर, दहा-पंधरा मिनिटं ठेवून घासायचं, भरपूर पाण्याने धुवायचं. हातात रबरी मोजे घाला. कुंड्यांच्या मुळाशी ते पाणी जाऊ देऊ नका.

ॲसिड वापरू नका. शहाबादी, कोटा, कडप्पा या फरश्या चुनखडीच्या दगडाच्या असतात, ॲसिड पडलं की फेस येतो आणि दगड खाल्ला जातो, वरची गुळगुळीत पापुद्री गेली की पुढच्या पावसाळ्यात शेवाळ दुप्पट धरतं. आणि ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड तर कधीच, कधीच एकत्र नको, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

मग पाणी जायची जाळी बघा. पानं, प्लास्टिक, कबुतरांची पिसं अडकलेली असतात. एक-दोन बादल्या पाणी ओता आणि ते कुठे साचतं ते बघून खडूने खूण करा, त्या जागेवर बैठक नको आणि लाकडी काही तर अजिबात नको. छतातून खाली खोलीत ओल आली असेल तर वॉटरप्रूफिंगचं काम ऑक्टोबरच्या उन्हात स्लॅब चांगला सुकल्यावर करून घ्या, ओल्या स्लॅबवर केमिकल लावलं तर ते सुटतं. आणि ते काम बैठक मांडायच्या आधी, नंतर सगळं उचलायला कंटाळा येतो.

अंगण असेल तर एक सांगायचं राहिलं. विटांचा ढीग, जुनी कौलं, लाकडं कोपऱ्यात पडलेली असतात त्यात पावसानंतर विंचू, कधी साप असू शकतो, विशेषतः मळ्यांच्या जवळ घर असेल तर, मखमलाबाद, आडगाव, म्हसरूळ त्या बाजूला. उघड्या हाताने ढीग उचलू नका, बूट-मोजे घालून काठीने आधी हलवा आणि साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा.

डास. दिवाळीपर्यंत हाच सगळ्यात मोठा शत्रू. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, दिवसा चावतो, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातला एक दिवस ठरवून टाका, त्या दिवशी कुंड्यांखालच्या ताटल्या, पक्ष्यांचं भांडं, रिकामे डबे, जुने टायर सगळं पालथं करून कोरडं करायचं, टाकीचं झाकण घट्ट आहे का बघायचं. बसायच्या वेळी सगळ्यात कामाचा म्हणजे साधा टेबल फॅन, पायांच्या उंचीवर लावायचा. डासाला वाऱ्यात नीट उडता येत नाही. धूर करून आपलेच डोळे चुरचुरतात त्यापेक्षा हे बरं.

वजनाचं भान

हा भाग छोटा पण वाचाच. एक घनफूट ओली माती ५० किलोच्या आसपास भरते. मोठ्या ड्रममध्ये आंबा लावायचा, मधोमध कारंजं करायचं, विटांचा ओटा बांधायचा असं काही डोक्यात असेल तर आधी इंजिनिअरला विचारा. जड कुंड्या नेहमी कडेला, जिथे खाली भिंत किंवा बीम आहे तिथे. मातीत निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि शेणखत मिसळलं की वजन बरंच उतरतं. सोसायटीची सामाईक गच्ची असेल तर लेखी परवानगी घ्या आणि जिन्याच्या दारासमोर काही ठेवू नका.

सावली

ऑक्टोबरमध्ये दुपारी पारा ३२-३३ पर्यंत जातो आणि पावसाने धुतलेल्या स्वच्छ हवेत ऊन चटकन लागतं. नाशिकमध्ये आपलं नशीब चांगलं आहे, द्राक्षं, भाजीपाला, नर्सऱ्या यामुळे शेडनेट, म्हणजे ऊन अडवणारी जाळी, शेतीसाहित्याच्या कुठल्याही दुकानात मीटरवर मिळते. ५० टक्केवाली घ्या, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी. ७५ टक्केवालीखाली अंधारल्यासारखं होतं आणि झाडं लांबुडकी वाढतात. हिरव्या नेटखाली सगळ्यांचे चेहरे हिरवट दिसतात, फोटोची हौस असेल तर पांढरी किंवा काळी बघा.

नेट एकदम छपराला चिकटवून किंवा डोक्याला लागेल अशी बांधू नका, आठ-नऊ फुटांवर आणि एका बाजूला थोडा उतार देऊन, म्हणजे गरम हवा निघून जाते आणि परतीच्या पावसात मध्ये पाण्याची पखाल होत नाही. आणि पक्की खिळवू नका!! हुक लावा, दोरीने ओढून गुंडाळता आली पाहिजे. कारण एक तर कोजागिरीला चंद्र दिसायला हवा, दुसरं म्हणजे दिवाळीत रॉकेट कुठेही येऊन पडतं आणि नेट, बांबूचे चिक (काड्यांचे पडदे), वाळलेल्या काड्या लगेच पेटतात, लक्ष्मीपूजनाच्या आधी हे सगळं गुंडाळून आत ठेवायचं आणि तुळशीच्या लग्नापर्यंत बाहेर काढायचं नाही. आणि तिसरं, डिसेंबरमध्ये आपल्यालाच ऊन हवं असतं.

आडोशाला बांबूचे चिक छान दिसतात. खाली जमिनीला टेकू देऊ नका, चार बोटं वर ठेवा, नाहीतर ओल धरून खालचा भाग काळा पडतो आणि पोखरतो. परतीच्या पावसात ढग गडगडायला लागले की मात्र सावली-बिवली सोडा आणि सरळ खाली उतरा, या दिवसांतल्या विजा वाईट असतात.

बसायला काय

इथे लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात आणि माझ्या मते इथेच सगळ्यात कमी घालवायला हवेत. ऑनलाइन दिसणारे ते मोठे सोफे गच्चीवर आणले की रोज उचलता येत नाहीत, मग त्यांच्यावर प्लास्टिक टाकून ठेवतात, मग त्या प्लास्टिकखाली ओल धरते आणि कुबट वास सुटतो. आपल्याकडे बसायच्या इतक्या सोप्या पद्धती आहेत. खाली चटई, त्यावर जाड सतरंजी, पाठीला लोड-तक्के, झाली बैठक. गुडघे दुखणाऱ्यांसाठी एक नवारीची खाट किंवा बाज, ती एका हाताने उभी करून भिंतीला लावता येते, पाहुणे आले की तिच्यावर तीन माणसं बसतात आणि दुपारी कोवळ्या उन्हात आडवं पण होता येतं. मला विचाराल तर गच्चीला बाजेइतकं चांगलं फर्निचर दुसरं नाही.

थंडीसाठी गोधड्या. नवरात्र बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची पद्धत आहे आणि अजूनही गोदाकाठी घाटावर गोधड्या धुणारी मंडळी दिसतात. तेव्हाच जुन्या दोन-तीन गोधड्या गच्चीसाठी म्हणून बाजूला काढा. ऑक्टोबरच्या कडक उन्हात दोन्ही बाजूंनी चांगल्या तापवा, पावसाळ्याचा सगळा वास निघून जातो. घोंगडी मिळाली तर फारच छान, तिच्यावर दव पडलं तरी पटकन आत मुरत नाही. उशांना अभ्रे सुती आणि गडद रंगाचे, धूळ खूप येते, मार्गशीर्षात तर हवा कोरडी झाल्यावर जास्तच.

जुन्या लाकडी खुर्च्या घरात असतील तर टाकू नका. पॉलिश पेपरने घासा, दोन दिवस उन्हात पूर्ण वाळू द्या आणि जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात द्या, एक सुकला की दुसरा. एक काळजी घ्या, जवसाचं तेल लागलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात किंवा डस्टबिनमध्ये टाकू नका, ते वाळताना आपोआप तापतं आणि खरंच पेट घेऊ शकतं, दोरीवर उलगडून वाळवा आणि मगच फेका. लोखंडी असेल तर गंज खरवडून रेड ऑक्साइड, मग ऑइल पेंट. बसायला मात्र गादी हवीच.

झोपाळा हवा असेल तर तो बीमला टांगायचा, आणि अँकर बसवायचं काम माहीतगार माणसाकडून करून घ्यायचं. जुन्या वाड्यातल्या लाकडी तुळईला टांगणार असाल तर आधी वाळवी बघा. जमत नसेल तर स्टँडवाला घ्या.

टेबल म्हणून उलटी मोठी कुंडी आणि वर शहाबादीचा तुकडा. भद्रकाली-मेनरोडकडे गेलात तर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी तांबट लेनमध्ये डोकवा, घरी आजीचं पितळी घंगाळ माळ्यावर पडलं असेल तर ते घासून घ्या, पाणी भरून त्यात झेंडूची फुलं सोडा. पाणी रोज बदला, कारण डास.

दिवे

ट्यूबलाइट लावू नका एवढं तरी ऐका. पांढऱ्या झगझगीत उजेडात माणसं बसत नाहीत, उठून जातात, शिवाय पावसानंतरच्या दिवसांत सगळे किडे तिकडेच धावतात. पिवळसर एलईडी घ्या, खोक्यावर २७०० ते ३००० केल्विन असं लिहिलेलं असतं. त्याच्याकडे किडे कमी येतात. दिवा डोक्यावर नको, कठड्याच्या आतल्या बाजूने गुडघ्याच्या उंचीवर माळ फिरवली तर उजेड जमिनीवर पडतो, शेजाऱ्यांच्या खिडकीत जात नाही आणि आकाशही दिसतं.

बाहेरच्या दिव्यांना आयपी ६५ लिहिलेलं असावं, म्हणजे पाऊस आणि धूळ सोसतात. आतल्या खोलीतून एक्स्टेंशन बोर्ड ओढून गच्चीवर ठेवायची सवय फार धोक्याची आहे, विशेषतः ओल्या फरशीवर अनवाणी. बाहेरचा झाकणवाला सॉकेट बसवून घ्या, अर्थिंग तपासा, घराला ईएलसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनला त्याच वेळी सांगा.

दिवाळीत पणत्या तर असणारच. त्या सरळ फरशीवर ठेवल्या की तेलाचे डाग पडतात आणि शहाबादीत ते मुरतात, खाली वाळूची ताटली किंवा जुनी पत्रावळ ठेवा. डाग पडलाच तर लगेच त्यावर रांगोळी जाडसर पसरा, रात्रभर तेल शोषू द्या, सकाळी झाडून घ्या.

झाडं

नाशिकचं मुघलांच्या काळातलं नाव गुलशनाबाद, तर निदान दोन गुलाब तरी हवेतच ना! गुलाबाची छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यावर करा, म्हणजे त्याच दिवसांत जेव्हा दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी चाललेली असते. वाळक्या, बारीक, आत वळलेल्या फांद्या काढा, बाकीच्या बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या थोडं वर तिरप्या कापा, शेणखत द्या. दीड-दोन महिन्यांत फुलं येतात, म्हणजे बरोबर थंडीत.

झेंडू आत्ता नर्सरीतून कळ्या आलेला आणा, दसऱ्या-दिवाळीला बाजारातले भाव बघून बरं वाटेल. शेवंती नोव्हेंबरपासून. हिचं एक वेगळंच आहे, रात्र मोठी झाली की तिला कळ्या येतात, त्यामुळे रात्रभर दिव्याचा उजेड तिच्यावर पडत राहिला तर ती नुसती पानं वाढवते. बऱ्याच जणांची शेवंती याच कारणाने फुलत नाही आणि ते खत बदलत बसतात. कळ्या धरेपर्यंत तिला दिव्यांच्या माळेपासून आणि रस्त्याच्या दिव्यापासून लांब, अंधाऱ्या बाजूला ठेवा, फुलली की आणा बैठकीजवळ.

वासासाठी रातराणी एक पुरे, आणि ती बैठकीपासून थोडी लांब, अगदी उशाशी असली की डोकं धरतं. अंगण असेल तर पारिजातक, या दिवसांत पहाटे खाली सडा असतो, तेव्हा त्याच्याखाली मातीच राहू द्या, फरशी नको. गवती चहा हाताशी येईल असा लावा, थंडीत दोन पाती तोडून थेट चहात. मेथी, पालक, कोथिंबीर ऑक्टोबरच्या शेवटी पेरा, उथळ ट्रे पुरतात आणि मेथी तर महिन्याभरात खायला मिळते. पेट्युनिया, डायंथस ही थंडीची फुलं पण तेव्हाच.

पाणी ऑक्टोबरमध्ये रोज, दुपारच्या उन्हात नाही. थंडी पडली की सकाळी आणि बोट घालून माती कोरडी लागली तरच. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहा, डिसेंबरच्या थंडीत ती जरा रुसतेच, पाणी कमी करा आणि सकाळचं ऊन मिळेल तिथे हलवा. पावसानंतर जास्वंदीवर पांढरे पिठ्या ढेकूण दिसले तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, मग कडुनिंबाच्या तेलाचा फवारा, संध्याकाळी.

एक उथळ परळ पाणी भरून कठड्यावर ठेवाच. थंडीत धोबी पक्षी गच्चीवर शेपूट हलवत फिरायला येतात, फार गोड दिसतात. नांदूरमध्यमेश्वरला परदेशी पक्षी येतात ते दिवस हेच, पण थोडी गंमत आपल्या गच्चीवर पण होते.

कोजागिरी

पहिला कार्यक्रम हाच ठेवा, नवीन शेजाऱ्यांशी ओळख करून घ्यायला यापेक्षा चांगलं निमित्त नाही. नेट गुंडाळा, सतरंज्या अंथरा, दूध वरच आटवायचं असेल तर गॅसची शेगडी वाऱ्याच्या आडोशाला आणि मुलांच्या खेळण्याच्या वाटेपासून लांब. केशर, चारोळी, वेलदोडा, जायफळ. दूध झालं की सगळे दिवे बंद करा, अगदी माळा पण. आधी सगळ्यांना अंधाराची सवय व्हायला पाच-दहा मिनिटं लागतात आणि मग चांदण्यात एकमेकांचे चेहरे दिसायला लागतात. ऑक्टोबरच्या त्या रात्री कधी गरम, कधी एकदम गार, म्हणून लहान मुलांसाठी एक-दोन शाली वर नेऊन ठेवा.

थंडी आणि शेगडी

मार्गशीर्ष लागला की बैठक दोन वेळांना करा. सकाळी नऊ ते अकरा उन्हात, रविवारी मिसळ वर आणून खाण्यात जी मजा आहे ती खालच्या डायनिंग टेबलवर नाही, आणि रात्री आठ-साडेआठपर्यंत, शेकोटीशेजारी.

कोळशाची लोखंडी शेगडी किंवा घमेलं चालतं. ते फरशीवर थेट ठेवलं तर फरशी तडकते, खाली दोन थर विटांचे किंवा वाळू. नेट, चिक, सुकी झाडं यांच्यापासून चांगलं सहा-सात फूट लांब, बाजूला पाण्याची भरलेली बादली, जवळ बसणाऱ्यांच्या अंगावर नायलॉनची शाल-ओढणी नको. आणि कितीही थंडी वाजली तरी पेटती किंवा विझत आलेली शेगडी बंद खोलीत, बंद केलेल्या गॅलरीत, जिन्याच्या खोलीत न्यायची नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, झोपेत माणूस जातो. वर पाणी मारून, राख हलवून, परत पाणी मारून पूर्ण विझवूनच खाली या.

जळणाला कुणी द्राक्षबागेच्या छाटणीच्या काड्या फुकट देतील. त्यांच्यावर वर्षभर फवारण्या झालेल्या असतात, त्यावर वांगं भाजणं, हुरडा भाजणं नको. हुरड्याला, भाजलेल्या शेंगांना साधा लाकडी कोळसा किंवा गोवऱ्या.

ज्यांच्याकडे फक्त गॅलरी आहे

सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडच्या फ्लॅटमध्ये चार बाय आठची गॅलरी असते, तिथे वरचं सगळं करायला जाऊ नका. भिंतीला घडी होणारी फळी, दोन मोढे, कठड्याला आतून अडकवलेल्या कुंड्या, एक पिवळा दिवा. कुंडी बाहेरच्या बाजूला लटकवू नका, खाली माणसं चालतात. वॉशिंग मशीन तिथेच असेल तर त्याच्यावर लाकडी फळी टाकून सकाळचा चहा ठेवायची जागा होते. शेगडी नाही, गोधडी घ्या.

रोज रात्रीची आवराआवर

शेवटचं काम आणि हे जमलं नाही तर बाकी सगळ्याचा दोन आठवड्यांत चिखल होतो. नोव्हेंबरपासून रात्री दव पडतं, सकाळी हात लावून बघा, सतरंजी ओली लागते. म्हणून जिन्याच्या खोलीत एक मोठी झाकणाची पेटी ठेवा, जुनी पत्र्याची ट्रंक असेल तर उत्तम, तळाशी कडुनिंबाचा वाळलेला पाला. उठताना प्रत्येकाने एक वस्तू उचलायची, लोड, गोधडी, सतरंजी पेटीत, बाज भिंतीला उभी, कप खाली. ओलसर वाटलं तर तसंच पेटीत कोंबू नका, खोलीतल्या दोरीवर टाका आणि सकाळी ऊन आलं की एकदा कडक तापवून मग ठेवा. पेटीचं झाकण महिन्यातून एकदा दिवसभर उघडं टाका.